फुडे कसा जावचा

जलद गाडी कणकवलीला दोन मिनिटं थांबते.
दारं आपली आपण उघडतात, आपली आपण मिटतात,
फलाटावर राहतो थंड हवेचा एक पट्टा,
कॉफीचा वास असलेला.
पूल उतरेपर्यंत तोही विरतो.

मी खाली, रिक्षाला टेकून.
चेहरे नंतर. आधी सामान बघतो.
चाकांची बॅग : हॉटेलची गाडी येणार, आपलं काम नाही.
गोणपाटात शिवलेलं काही : नांदगाव तिठ्यापर्यंत, तेही घासाघीस करून.
हात रिकामे असले तर घरी कुणीतरी आजारी आहे,
त्याला भाडं सांगत बसत नाही, गाडी चालू करतो.

जुनी गाडी पावणेपाचला यायची, कागदावर.
तिच्या हिशेबानं एसटी सुटते पाच वाजता, अजूनही.
ही नवी येते सव्वादोनला.
मधले अडीच तास,
जे बोगदे गिळत, वारा कापत वाचवले,
ते माणसं स्टँडच्या बाकड्यावर बसून
खर्चून टाकतात,
शेंगा सोलल्यासारखे.

परवा एक बाई उतरली, शेवंती कुबल.
जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड, छातीशी.
'ह्या काय?'
'पंखो.'
'घराक?'
'होडयेक.'

खाडीवरची तर नऊ दिवस बंद.
पातं तुटलं, देवगडात मिळेना, रत्नागिरीत मिळेना,
शेवटी मशीद बंदरच्या एका गल्लीत
तिच्या जावयाला सापडलं.
मी आरशात बघून विचारलं,
'तर त्या काठार, पंखो तुमच्या मांडयेर,
मगे तुमी पलीकडे कशा जातल्यात?'
ती शिरगाव येईपर्यंत गप्प.
मग एकदम हसली :
'ताच इचारूचा रवला.'

डांबर संपलं. शेवटचा चढ
रिक्षा माणूस घेऊन चढत नाही.
मी रिकामी गाडी पुढं काढली,
ती मागून चालत आली,
चपला एका हातात, पंखो दुसऱ्या बगलेत.

खाली ओहोटी. नुसता चिखल,
मधे हातभर रुंद पाणी,
आणि पलीकडे माडाला बांधलेली तर,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी.
फोनला रेंज नाही.
गाडीत बसून तिनं तीन भाचे, एक विहीण
आणि बँकेचा साहेब उरकला होता.
आता दोन्ही हात तोंडाशी धरून
'भिवाऽऽऽ'
एक बगळा उडाला, तेवढंच.

तिसरे काढणारा एक पोर
पाती ढकलत जवळ आला.
आधी पंख्याकडे बघितलं, मग बाईकडे,
मग पुन्हा बाईकडे, जरा अंदाज घेत.
'पंखो न्हेतंय. तुमका नाय. पाती बुडतली.
भरती सातांक.'

असा पंखो आधी घरी गेला.

आम्ही दोघं कातळावर.
मला परतीचं भाडं नव्हतं,
संध्याकाळच्या गाडीचं गिऱ्हाईकही हातचं जात होतं,
तरी उठवेना.
तिनं तिकीट काढून पुन्हा वाचलं,
चष्म्याशिवाय, लांब धरून,
आणि कातळावरची मुंगी त्यानं बाजूला सारली.
पाणी येत होतं. दिसत नव्हतं येताना,
पण मघाचा दगड आता नव्हता.

पावणेसातला पलीकडून खोकल्याचा आवाज.
बंद.
परत खोकला.
मग एकसारखी फटफट
आणि ती उठून निऱ्या वर खोचत म्हणाली,
'इलो.'

भाड्यात दहा रुपये कमी पडले.
तिनं पिशवी उपसली,
गाडीत मिळालेली बिस्किटं, साखरेच्या दोन पुड्या,
आणि न फोडलेली पाण्याची बाटली
माझ्या सीटवर ठेवली.

चढ चढून वर आल्यावर मी झाकण फिरवलं.
पाणी तोवर
खाडीइतकंच कोमट झालं होतं.